अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारी : पहिली खरेदी करण्याआधी

अमेरिकी सैन्यात साध्या शिपायाला तलवार सरकारकडून मिळायची. अधिकाऱ्याला मात्र ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागे. या छंदातली निम्मी गंमत आणि बहुतेक सगळी फसवणूक या एकाच गोष्टीतून निघते. नियमावली नमुना ठरवून द्यायची, पण तलवार कुठल्या दुकानातून घ्यायची, पात्यावर नक्षी किती, मुलामा किती जाड, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन तलवारी शेजारी ठेवल्या तरी सहसा तंतोतंत जुळत नाहीत. शिपायांच्या तलवारींवर सरकारी तपासनिसाची आद्याक्षरं, ‘यू. एस.’ आणि साल ठोकलेलं सापडतं. अधिकाऱ्यांच्या तलवारींवर बहुधा यातलं काहीच नसतं. नवखा माणूस शिक्का शोधत बसतो, तो दिसला नाही की अस्सल तलवार खाली ठेवतो, आणि शेजारच्या टेबलावरची ठळक शिक्का मारलेली नक्कल उचलतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी नमुने ओळखायला शिका, मग तलवार हातात घेऊन वाचायला शिका, आणि पाकिटाला हात सगळ्यात शेवटी घाला.

पहिली पायरी : नमुने ओळखा, आणि त्यातला एक निवडा

‘अमेरिकी तलवारी’ हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. पण अधिकाऱ्यांच्या तलवारींचे चार-पाच मुख्य नमुने डोक्यात बसले की बाजारातला बराचसा माल ओळखता येतो.

१८५० साली दोन नमुने आले, दोन्हींवर फ्रेंच घडणीची छाप. एक पायदळातल्या लेफ्टनंट-कॅप्टनसाठी: किंचित वक्र पातं, फुलापानांची जाळी असलेली पितळी परज (मुठीभोवतीचं, हात वाचवणारं कवच), आणि पितळी कडी बसवलेलं चामड्याचं म्यान. दुसरा मेजर आणि त्यावरच्या, तसंच स्टाफवरच्या, म्हणजे मुख्यालयातल्या, अधिकाऱ्यांसाठी: घडण तीच, पण परजेच्या जाळीत ‘यू. एस.’ ही अक्षरं गुंफलेली आणि म्यान धातूचं. नियम असा होता खरा. पण पैसे स्वतःचे म्हटल्यावर एखादा हौशी लेफ्टनंटही वरच्या दर्जाची तलवार बांधून हिंडायचा. १८६१ ते १८६५ च्या, उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात अधिकाऱ्यांच्या कमरेला सर्वाधिक दिसते ती या दोन नमुन्यांचीच जोडी.

१८६० चा स्टाफ नमुना दिसायला अगदी वेगळा. सरळ, बारीक, हलकं पातं आणि शिंपल्यासारखी परज, जिचा आतला अर्धा भाग मिटतो म्हणजे तलवार अंगाला टोचत नाही. लढाईपेक्षा दरबारी थाटाची. १८७२ नंतर घोडदळ आणि हलका तोफखाना सोडून बहुतेक अधिकाऱ्यांना हीच लागू झाली आणि १९०२ पर्यंत चालली. १९०२ ला सगळ्यांसाठी एकच नमुना आला: तीन पट्ट्यांची, निकेलचा मुलामा दिलेली परज, बोटांसाठी खाचा पाडलेली काळी मूठ आणि पोलादी म्यान. अमेरिकी लष्करात समारंभाला आजही हाच नमुना वापरतात.

नौदलाच्या अधिकाऱ्यांची १८५२ ची तलवारही थोड्या बदलांनी अजून वापरात आहे. ओक वृक्षाची पानं आणि परजेच्या टोकाला डॉल्फिनचं तोंड ही तिची खूण. मरीन कोअरची, म्हणजे समुद्री सैनिकांच्या दलाची, तऱ्हा आणखी न्यारी. त्यांच्या अधिकाऱ्यांची ‘मामलुक’ तलवार म्हणजे सरळसरळ पूर्वेकडची घडण: आडवी साधी परज, हस्तिदंती मूठ, बोटांवरून येणारी पट्टी नाही. १८०५ मध्ये लिबियातल्या डर्ना शहरावरच्या मोहिमेनंतर त्रिपोलीच्या गादीचा दावेदार हामेत करामानली याने मरीन लेफ्टनंट ओबॅनन यांना अशी तलवार भेट दिली, असं परंपरेने सांगितलं जातं. १८२६ मध्ये ती नियमात आली, १८५९ मध्ये गेली, १८७५ मध्ये परत आली. मधल्या काळात मरीन अधिकारी पायदळाचीच १८५० ची तलवार वापरत.

याआधीचा जमाना गरुडमुखी मुठींचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक नागरी सेनेचे, अधिकारी बर्मिंगहॅम, जर्मनीतलं सोलिंगेन किंवा फ्रान्सहून आलेली, निळ्या पात्यावर सोनेरी नक्षीची तलवार मिरवत. देखणी वस्तू आहे, पण तिचा अभ्यास वेगळा. सुरुवातीला त्या गल्लीत शिरू नका.

मग सुरुवात कुठून? सगळ्यांना यादवी युद्धापासूनच करावीशी वाटते. माझं मत वेगळं आहे: पहिली तलवार १९०२ ची किंवा १८७२ नंतरच्या काळातली स्टाफ तलवार घ्या. भरपूर मिळतात, साधी १९०२ ची दोन-तीनशे डॉलरच्या आसपास येऊ शकते, आणि इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. चूक झालीच तर शिकवणीचे पैसे थोडक्यात भागतात.

दुसरी पायरी : नाव वाचा, पण त्यावर भाळू नका

परजेच्या लगत, पात्याच्या मुळाशी बहुधा एक नाव असतं. ते कारागिराचं आहे की दुकानदाराचं, हा पहिला प्रश्न. मॅसेच्युसेट्समधल्या चिकोपीची एम्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी खरोखर तलवारी घडवायची. न्यूयॉर्कचे शायलर, हार्टली अँड ग्रॅहम मात्र मोठे व्यापारी. त्यांचं नाव असलेलं पातं जर्मनीतलं असू शकतं. फिलाडेल्फियाचे हॉर्स्टमन आणि न्यूयॉर्कचे टिफनी यांच्याही तलवारींत सोलिंगेनची पाती सापडतात. १८६१ मध्ये उत्तरेने अचानक लाखोंचं सैन्य उभं केलं. तेवढ्या अधिकाऱ्यांना पुरतील इतक्या तलवारी देशात कोण घडवणार? सोलिंगेनच्या क्लाउबर्गचा उभ्या सरदाराचा छाप अमेरिकी तलवारींवर वारंवार दिसतो तो यामुळेच. तेव्हा जर्मन छाप दिसला म्हणून तलवार ‘अमेरिकी नाही’ असं ठरवू नका. आपल्याकडच्या मराठेशाहीतल्या ‘फिरंग’ तलवारींनाही युरोपातून आलेलीच पाती असत. मूठ इथली, पातं तिकडचं.

काळ ठरवायला एक फार सोपी युक्ती आहे. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने परदेशी मालावर उत्पादक देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं आणि १८९१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्यामुळे पात्यावर ‘जर्मनी’ असं लिहिलेलं असेल आणि विक्रेता ‘गेटिसबर्गच्या लढाईतली’ म्हणत असेल, तर हसून पुढच्या टेबलाकडे सरका. गेटिसबर्ग १८६३ चं. उलट बाजूने मात्र ही युक्ती चालत नाही: देशाचं नाव नाही म्हणून तलवार जुनी ठरत नाही, कारण नाव घासून काढता येतं.

‘आयर्न प्रूफ’ किंवा ‘आयझेनहाउअर’ हे शब्द पात्याच्या पाठीवर दिसतील. ते मालकाचं नाव नाही आणि त्याचा राष्ट्राध्यक्षांशीही संबंध नाही. पातं दर्जेदार असल्याची जर्मन कारखानदारांची ती ग्वाही.

तिसरी पायरी : तलवार वाचणं

इथे घाई नको. विक्रेत्याला आधी विचारा, मग म्यान पाठीच्या बाजूने धरा आणि पातं सावकाश बाहेर काढा. पात्याला उघडी बोटं लावू नका. घामाचे ठसे पोलादावर कायमचे उमटतात.

पहिली गोष्ट डोळ्यांआधी मनगटाला कळते. अस्सल पातं परजेपाशी जाड असतं आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जातं. पाठीवरून चिमटीत धरून बोटं पुढे सरकवा (हातमोजा घालून), जाडी उतरत गेलेली जाणवली पाहिजे. स्वस्त नकलेत पातं एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेलं असतं. अशी तलवार हातात जड लागते आणि तिचं वजन टोकाकडे ओढतं. पात्यातली पन्हळही पाहा: तिच्या कडा सरळ आणि स्वच्छ हव्यात. (ती ‘रक्त वाहून जायला’ असते ही दंतकथा विक्रेते अजून सांगतात. पातं हलकं करूनही ताठ ठेवायचं, एवढंच तिचं काम.)

मग नक्षी. गरुड, झेंडे, ‘ई प्लुरिबस युनम’ हे अमेरिकेचं लॅटिन ब्रीदवाक्य, वेली हे सगळं अ‍ॅसिडने कोरलेलं असतं, छिन्नीने नाही. दहा पट भिंगाखाली धरा. चांगल्या राहिलेल्या पात्यावर नक्षीमागची जमीन दव पडल्यासारखी करडी दिसते आणि चित्रांच्या कडा टोकदार असतात. बऱ्याचशा नव्या नकलांत रेघा उथळ, कडा विरघळल्यासारख्या आणि गरुडाचा चेहरा ओळखू न येणारा. जुन्या पात्याची नक्षी झिजलेली असते, पण ती कुठे झिजली ते बघा: म्यानाच्या तोंडाशी रोज घासणाऱ्या भागात जास्त, पन्हळीच्या आत कमी. सगळीकडे सारखीच पुसट नक्षी म्हणजे कुणीतरी मशीनवर पॉलिश मारलं आहे, किंवा जन्मतःच ती तशी आहे.

परजेकडे वळा. पितळेवर सोन्याचा मुलामा होता. दीडशे वर्षांत हाताला लागणाऱ्या उंचवट्यांवरून तो गेलेला असणार, पण जाळीच्या आतल्या कोपऱ्यांत, पानांच्या खाचांत, बोट पोचत नाही अशा ठिकाणी सोन्याचा पिवळा कण शिल्लक राहतो. तो सापडला की जीव भांड्यात पडतो. जाळीची छिद्रं ओतीव कामानंतर कानसीने साफ केलेली दिसतात, आतल्या कडांवर बारीक ओरखडे असतात. नकलेत तिथे ओतीव धातूचे खड्डे आणि साच्याची शिवण तशीच राहिलेली आढळते.

मूठ बहुधा लाकडाची, तिच्यावर माशाचं खरबरीत कातडं, त्यावर पीळ दिलेली पितळी तार. तार सैल असणं, एक-दोन वेढे तुटलेले असणं हे वयाला धरून आहे. मुठीतून आरपार गेलेली पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या डोक्यावर ठोकून बसवलेली असते. तिथे ताज्या हातोडीच्या खुणा, चमकदार धातू किंवा नट दिसला तर तलवार कधीतरी उघडली गेली आहे. परजेच्या आणि पात्याच्या मधली चामड्याची चकती शाबूत असेल तर उत्तमच. नसेल तर तेवढ्यासाठी तलवार सोडू नका.

शेवटी म्यान. पातं त्यात बसतं का, वक्रता जुळते का, कड्यांवरचं पितळ परजेच्या पितळेशी रंगाने जुळतं का? दुसऱ्याच तलवारीचं म्यान जोडून ‘पूर्ण संच’ विकणं सर्रास चालतं. चामड्याचं म्यान मधे मोडलेलं असणं अगदी सामान्य आहे. मोडकं पण मूळचं म्यान मी नव्या कोऱ्या म्यानापेक्षा केव्हाही पसंत करेन.

पात्यावरचे तपकिरी डाग दाखवून ‘हे रक्त’ म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रदर्शनात भेटतो. तो गंज असतो. धारेवरच्या खाचा बहुतेकदा माळ्यावर तलवार सापडलेल्या नातवंडांच्या खेळाच्या.

चौथी पायरी : सोंगं ओळखा

नवख्यांच्या गळ्यात सर्वाधिक पडतात त्या बंधुसंघांच्या तलवारी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाइट्स टेम्प्लर, नाइट्स ऑफ पिथियस, ऑड फेलोज अशा संस्थांचे सभासद मिरवणुकीत तलवारी लावून चालत, आणि ओहायोतल्या कोलंबसची एम. सी. लिली कंपनी अशांसारखे कारखाने त्या मोठ्या संख्येने बनवत. मुठीच्या डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं मुंडकं, परजेवर क्रॉस, तीन जोडलेल्या कड्या किंवा ‘एफ. सी. बी.’ ही अक्षरं दिसली की समजा, ही लष्करी नव्हे. वस्तू अस्सल आणि जुनी असते, कधी सुंदरही असते, पण स्वस्त असते. ‘सिव्हिल वॉर ऑफिसर्स सोर्ड’ म्हणून तिला चौपट किंमत लावली जाते तेव्हा पंचाईत.

दुसरं सोंग आपल्या घरचंच. यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक अमेरिकेत हजारोंनी आहेत आणि त्यांच्यासाठीच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर भारतात बनतात. डेहराडून हे त्याचं जुनं केंद्र. प्रतिकृती म्हणून विकल्या तर त्यात गैर काहीच नाही. पण मधला एखादा लबाड पात्यावरचं ‘इंडिया’ घासतो, पितळ आम्लात बुडवून काळवंडवतो, म्यान काही महिने ओल्या मातीत पुरतो आणि वस्तू ‘व्हर्जिनियातल्या एका जुन्या घरातली’ होते. परजेजवळ पात्यावर एखादा भाग उगाच खोलगट किंवा जास्त चकचकीत दिसला तर तिथे काय होतं, असा प्रश्न स्वतःला विचारा.

आणि दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट तलवारी. ॲपोमॅटॉक्सला ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली तेव्हा उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी अटींमध्येच लिहून दिलं की अधिकाऱ्यांनी आपली कमरेची शस्त्रं आणि खासगी घोडे जवळ ठेवावेत. त्यामुळे खऱ्या तलवारी घराण्यांत राहिल्या आणि आज फार महाग आहेत. टंचाईत बनल्यामुळे त्यांचं काम ओबडधोबड: तांबूस पितळ, वेडीवाकडी पन्हळ, मुठीवर माशाच्या कातड्याऐवजी मेणकापड. गोम अशी की ओबडधोबड काम हेच अस्सलपणाचं लक्षण ठरलं, की नक्कल करणाऱ्याला कौशल्याची गरजच उरत नाही. निदान पहिली काही वर्षं या तलवारी फक्त संग्रहालयात बघा.

पाचवी पायरी : कोरलेलं नाव तपासा

मालकाचं नाव असलेली साधी तलवार, नाव नसलेल्या देखण्या तलवारीपेक्षा बहुधा महाग जाते. म्हणूनच खोटी नावं कोरली जातात. म्यानाच्या कड्यावर ‘कंपनीच्या जवानांकडून लेफ्टनंट अमुक यांना सप्रेम’ असा मजकूर असेल तर भिंग पुन्हा काढा. जुन्या अक्षरांच्या तळाशी आजूबाजूच्या पितळेइतकाच काळपटपणा हवा, आणि वरचे ओरखडे अक्षरांवरून आडवे गेलेले हवेत. ओरखडा अक्षरापाशी येऊन तुटत असेल तर अक्षर ओरखड्यानंतरचं आहे.

मग कागद. नॅशनल पार्क सर्व्हिसची यादवी युद्धातल्या सैनिकांची यादी इंटरनेटवर फुकट आहे. नाव आणि रेजिमेंट टाका. पुढचा तपशील, म्हणजे सेवापत्रं आणि पेन्शनच्या फायली, वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये. तलवार भेट देण्याचा समारंभ गावात गाजायचा, त्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात यायची, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं मोठ्या संख्येने शोधता येतील अशी ठेवली आहेत. तुम्ही जुळवायचं ते एवढंच: कोरलेल्या तारखेला त्या माणसाचा हुद्दा तोच होता का? तलवारीवर ऑगस्ट १८६२ चा ‘कॅप्टन’ आणि नोंदीत बढती १८६३ ची, तर कुठेतरी पाणी मुरतंय. मात्र नाव खऱ्या अधिकाऱ्याचं निघालं म्हणजे तलवार त्याची ठरत नाही. खोटं कोरणाऱ्यालाही याद्या वाचता येतात.

सहावी पायरी : खरेदी

फोटोवरून घेत असाल तर हे फोटो मागवा: पात्याच्या मुळाच्या दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं डोकं, परजेची आतली बाजू, म्यानाचं तोंड, आणि पूर्ण तलवार म्यानाबाहेर. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला. लिलावाच्या यादीत ‘१८५० च्या धर्तीची’, ‘शैलीतली’ असे शब्द आले की यादी लिहिणाऱ्याने आपले हात मोकळे ठेवले आहेत असं समजा. बोलीवर लिलावगृहाची दलाली चढते, ती आधीच हिशेबात धरा.

जुन्या विक्रेत्याकडे चार पैसे जास्त जातात, पण पावतीवर नमुना, अंदाजे काळ आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून घ्या, परत करण्याची मुदतही. लिहून द्यायला तयार नसणारा माणूस तोंडी किती गोड बोलतो याला अर्थ नाही. जुने संग्राहक म्हणतात तसं, पैसे तलवारीचे द्यावेत, गोष्टीचे नाही. पणजोबांची कहाणी मन लावून ऐका, टिपून ठेवा, आणि किंमत मात्र ती कहाणी नसतीच असं धरून ठरवा.

मामलुक तलवारीत एक जास्तीचं लचांड आहे. मूठ हस्तिदंती असेल तर अमेरिकेत संघराज्याचे निर्बंध आहेतच, शिवाय न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे कायदे आहेत. राज्याबाहेर विकण्याआधी किंवा मागवण्याआधी ते वाचा.

घरी आणल्यावर

काही करू नका. आणल्या आणल्या घासून लख्ख करायची हौस होते, आणि तिथेच निम्मी किंमत जाते. पितळेवरचा काळसर थर हा मळ नव्हे. घरातल्या समईसारखी तलवार पितांबरीने घासायची नसते. पोलादावरचा राखाडी-काळा थरही राहू द्या. फक्त नारिंगी, बोटाला भुकटी लागणारा गंज जिवंत असतो. त्यावर हलकं खनिज तेल, मऊ कापड आणि भरपूर सबुरी. सँडपेपर, तारेचा ब्रश, गंज काढायची रसायनं यांना या घरात प्रवेश नाही. नंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स सगळीकडे मिळतं, आणि एक लहान डबी वर्षानुवर्षं पुरते.

पातं चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात. दोन्ही शेजारी शेजारी, आडवी ठेवा. अमेरिकी घरांतलं दमट तळघर आणि शेकोटीच्या वरची भिंत या दोन्ही जागा तलवारीच्या वैरी. प्रत्येक तलवारीची एक नोंद करा: परजेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजलेली पात्याची लांबी, सगळे शिक्के, फोटो, किंमत, कुणाकडून, कधी. चिठ्ठी दोऱ्याने बांधा, चिकटपट्टी नको.

भारतात आणायचा विचार असेल तर तिकीट काढण्याआधी चौकशी करा. विमानात तलवार हातसामानात चालत नाही. नीट गुंडाळून चेक-इन सामानात टाकता येते, पण ते झालं अमेरिकेच्या बाजूचं. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तलवारही शस्त्रात मोडते आणि देशाबाहेरून शस्त्र आणायला परवाना लागतो. ‘शोभेची आहे, धार नाही’ हे मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाला रात्री दोन वाजता पटवण्याची वेळ येऊ देऊ नका. परवाना हातात नसेल तर तलवार तिकडेच ठेवा आणि इकडे फोटो दाखवा.